ग्लॅमिसच्या वाळूत पहिल्यांदा जाताना

कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोहून इंटरस्टेट ८ धरून पूर्वेला निघालं, की आधी डोंगर चढून उतरायचे, मग इंपीरियल व्हॅलीची हिरवी शेतं, आणि एल सेंट्रो मागे पडल्यावर पाऊण तासाच्या आत रस्त्याच्या दोन्ही अंगांना वाळूचे डोंगर. हे अल्गोडोनेस ड्यून्स. सरकारी कागदावर नाव इंपीरियल सँड ड्यून्स रिक्रिएशन एरिया, आणि बोलताना सगळे म्हणतात ग्लॅमिस. खरं तर ग्लॅमिस म्हणजे या वाळूच्या पट्ट्याच्या पूर्व कडेला हायवे ७८ वरचं एक रेल्वे फाटक, एक दुकान आणि आजूबाजूची सपाट जागा. पण नाव अख्ख्या वाळवंटाला चिकटलं ते चिकटलंच. हा पट्टा ४० मैलांहून लांब आणि सरासरी ५ मैल रुंद आहे. मोठ्या टेकड्या ३०० फुटांपर्यंत जातात. काहुइया नावाचं एक प्राचीन सरोवर पश्चिमेला होतं, त्याच्या किनाऱ्यावरची वाळू पश्चिमेच्या वाऱ्याने उचलून इथे आणून टाकली, असं सांगितलं जातं.

जमीन केंद्र सरकारची. सांभाळतं ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे बीएलएम. नॅशनल पार्कची सवय असलेल्या आपल्या लोकांचा इथे पहिला गोंधळ होतो. फाटक नाही, माहिती केंद्रासमोरची रांग नाही, 'इथे वळा, तिथे थांबा' सांगणाऱ्या पाट्या नाहीत. वाळूत आखलेला रस्ताही नाही. खुल्या भागात गाडी हवी तिकडे न्या. ही मोकळीक फार सुंदर आहे, पण टेकडीच्या पलीकडे काय आहे हे तुमच्यासाठी आधी कोणी बघून ठेवलेलं नसतं. ग्लॅमिसमधले वाईट अपघात बरेचदा याच एका गोष्टीपाशी होतात, म्हणून खाली लेखाचा एक मोठा भाग टेकडीच्या माथ्यावरच खर्च केला आहे.

हे मार्गदर्शन सॅन डिएगो, अर्व्हाइन, फिनिक्स अशा ठिकाणी राहणाऱ्या आणि एटीव्हीवर, म्हणजे वाळूत चालणाऱ्या चार चाकांच्या मोटारसायकलीवर, कधी न बसलेल्या मराठी मंडळींसाठी आहे. ज्यांच्याकडे स्वतःची सँड रेल, म्हणजे खास वाळूसाठी बांधलेली हलकी गाडी, आहे त्यांनी हसून पुढे जावं.

कधी जायचं

हंगाम ऑक्टोबर ते एप्रिलचा मध्य. उन्हाळ्यात पारा ४३ अंश सेल्सिअसच्या वर जातो, तेव्हा इथे जाण्याचा विचारही करू नका. हिवाळ्यात दिवस छान असतो, रात्री मात्र पारा ५ अंशांपर्यंत उतरू शकतो. 'वाळवंट आहे, थंडी कसली' म्हणत एक हुडी घेऊन आलेली माणसं रात्री गाडीचा हीटर लावून बसलेली दिसतात.

आपली अडचण अशी, की सुट्टी मिळते थँक्सगिव्हिंगला, आणि ग्लॅमिसचा सगळ्यात मोठा मेळाही तेव्हाच भरतो. लाखाच्या वर लोक येतात. हॅलोविन, नवीन वर्ष आणि प्रेसिडेंट्स डे यांचे वीकेंडही तसेच. तुमच्यासारखेच नवखे, तुमच्यापेक्षा दसपट ताकदीच्या गाड्या आणि संध्याकाळनंतर बिअर, हे तिन्ही एकाच टेकडीवर. पहिल्या वेळी या गर्दीत चालवू नका. नोव्हेंबरच्या सुरुवातीचा किंवा जानेवारी-फेब्रुवारीतला साधा आठवडा निवडा, शक्यतो मधले वार. पीटीओचा, म्हणजे पगारी रजेचा, एक दिवस जाईल, जाऊ द्या.

वाऱ्याचा अंदाज आदल्या रात्री बघा. ताशी २५-३० मैलांचा वारा सांगितला असेल तर बेत रद्द करा. उडत्या वाळूत समोरची टेकडी दिसत नाही आणि समोरून येणाऱ्यालाही तुम्ही दिसत नाही.

कुठे उतरायचं

मुख्य जागा तीन. हायवे ७८ वरून पश्चिमेच्या बाजूने दक्षिणेला वळणारा गेको रोड: डांबरी रस्ता, काहुइया रेंजर स्टेशन, गाड्या लावायला पक्के पॅड. पूर्वेला खुद्द ग्लॅमिस: दुकान, रुळांच्या कडेने जाणारा वॉश रोड, आणि आतमध्ये ओल्ड्समोबिल हिल, जिच्यावर गर्दीच्या रात्री गाड्यांचा तमाशा चालतो. आणि दक्षिणेला इंटरस्टेट ८ लगतचं बटरकप, जे युमाहून वीसेक मैलांवर आहे.

लॉस एंजेलिसकडून येणाऱ्यांनी पहिल्यांदा गेको रोड धरावा, फिनिक्सकडून येणाऱ्यांनी बटरकप. गेको रोडचा फायदा असा, की डांबरी रस्ता, रेंजर स्टेशन आणि पक्के पॅड जवळ असतात. हात बसेपर्यंत कडेच्या लहान टेकड्यांवरच राहा. ओल्ड्समोबिल हिल पहिल्या दिवशी लांबून बघा.

कुठे जायचं नाही, हे नकाशात आधी बघून फोनमध्ये ऑफलाइन उतरवून ठेवा. हायवे ७८ च्या उत्तरेला नॉर्थ अल्गोडोनेस ड्यून्स वाइल्डरनेस आहे. १९९४ च्या कायद्याने ते क्षेत्र राखीव झालं आणि तिथे चाक असलेलं काहीही नेता येत नाही. पायी जा, फार देखणं आहे. दक्षिणेतही काही तुकडे बंद आहेत, कारण तिथे पीअरसन्स मिल्कव्हेच नावाची एक शेंगवर्गीय वनस्पती उगवते, जिला १९९८ साली केंद्राच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत घेतलं गेलं. तिच्यावरून वाहनवाले आणि निसर्गवाले यांच्यात वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत. बंद भागाच्या हद्दीवरच्या खांबांची ओळ दिसली की वळा.

पूर्वेला युनियन पॅसिफिकचे रूळ आहेत. मालगाड्या लांबलचक आणि वेगात असतात. अधिकृत फाटक सोडून रूळ ओलांडणं बेकायदा आहे. रुळांपलीकडे ईशान्येला चॉकलेट माउंटन्सचा लष्करी बॉम्बफेकीचा पट्टा आहे. जमिनीत न फुटलेला दारूगोळा असतो, त्यामुळे कुतूहल म्हणूनही तिकडे जाऊ नका. दक्षिणेला ऑल-अमेरिकन कॅनॉल वाळूतून जातो. पाणी संथ दिसतं, पण धार जोरात आहे आणि काठ निसरडे, त्यात मुलांना पाय बुडवू देऊ नका. त्याच्याही दक्षिणेला मेक्सिकोची सीमा आहे. बटरकपला फोन मेक्सिकोचा टॉवर पकडतो आणि रोमिंगचं बिल लागतं. डेटा रोमिंग बंद करून ठेवा.

परवाने आणि कागद

बीएलएमचा प्रवेश परवाना १ ऑक्टोबर ते १५ एप्रिल लागतो. तो माणशी नसून रस्त्यावरून चालत आलेल्या मुख्य गाडीमागे असतो, ट्रेलरवरच्या एटीव्हींना वेगळा लागत नाही. आठवड्याचा किंवा हंगामाचा मिळतो. आधीच ऑनलाइन किंवा आसपासच्या शहरांतल्या दुकानांतून घेतला तर स्वस्त पडतो, जागेवर घेतला तर महाग. चालू दर निघण्यापूर्वी बघून घ्या.

वाळूत चालवायच्या गाडीवर कॅलिफोर्नियाचं ऑफ-रोड नोंदणीचं हिरवं स्टिकर असावं लागतं. भाड्याने घेतलीत तर ती जबाबदारी भाडं देणाऱ्याची, पण स्टिकर आहे का हे स्वतः बघा. ॲरिझोनाची नोंदणी असलेल्यांनी कॅलिफोर्नियाचे बाहेरच्या राज्यांसाठीचे नियम आधी वाचावेत. आणि हिरवं स्टिकर म्हणजे हायवे ७८ वर चालवायचा परवाना नव्हे.

आता आपल्या लोकांसाठी खास. या भागात बॉर्डर पेट्रोलचे नाके असतात. इंटरस्टेट ८ वरून सॅन डिएगोकडे परतताना पाइन व्हॅलीजवळ एक आहे. एच-वन बी किंवा एफ-वन व्हिसावर असाल तर पासपोर्ट आणि आय-९४, म्हणजे देशात आल्याची नोंद, बरोबर ठेवा, ग्रीन कार्ड असेल तर ते कार्ड. कायद्याने ही कागदपत्रं जवळ बाळगायची असतातच, फक्त शहरात कोणी विचारत नाही. इथे विचारतात, आणि घरच्या ड्रॉवरमधल्या फाइलचा तिथे उपयोग नसतो.

दुसरं, दारू. सार्वजनिक जमीन आहे, रस्ता नाही, म्हणून चालतं, असा समज आहे. चालत नाही. ०.०८ टक्क्यांची मर्यादा वाळूतही लागू आहे. आणि व्हिसावर असलेल्याला दारू पिऊन चालवल्याबद्दल नुसती अटक झाली, खटला उभाही राहिला नसला, तरी परराष्ट्र खातं व्हिसा रद्द करू शकतं आणि करतंही. एका बिअरसाठी चेन्नईच्या वकिलातीची वारी कोणी मागून घेऊ नये.

तिसरं, विमा. भारतातून आलेल्या आईवडिलांच्या व्हिजिटर इन्शुरन्समध्ये मोटार खेळ बहुधा वगळलेले असतात. पॉलिसीची ती बारीक अक्षरं वाचा आणि मगच त्यांना यूटीव्हीत, म्हणजे शेजारी शेजारी आसनांच्या वाळूतल्या गाडीत, बसवा. विमानतळावरून भाड्याने घेतलेल्या एसयूव्हीचंही तसंच, करारात डांबराबाहेर न्यायला बंदी असते. चारही चाकं ओढतात म्हणून वाळूत घातलीत आणि रुतली, तर टोइंगवाला जो आकडा सांगेल तो निमूट द्यावा लागतो.

कुठली गाडी

डर्ट बाइक पहिल्यांदाच नको. एटीव्ही, म्हणजे चार चाकं आणि घोड्यासारखी बैठक, स्वस्त आणि मजेदार, पण अंगावर उलटू शकते आणि ती एकट्यासाठी असते. दोघांसाठी बनवलेलं मॉडेल नसेल तर मागे दुसऱ्याला बसवणं कॅलिफोर्नियात गुन्हा आहे. मुंबईची स्कूटरची सवय इथे विसरायची. नवख्या कुटुंबासाठी यूटीव्ही बरी. शेजारी शेजारी आसनं, स्टिअरिंग, पट्टे, वर लोखंडी पिंजरा. आपल्या कार चालवण्याच्या सवयीला ती जवळची आहे, आणि हाच तिचा धोकाही, कारण पाच मिनिटांत आत्मविश्वास येतो.

भाडं दिवसाला काही शे डॉलर, शिवाय क्रेडिट कार्डावर मोठी रक्कम अडकवून ठेवतात. घेण्याआधी चार गोष्टी विचारा: नुकसान झालं तर तुमच्यावर जास्तीत जास्त किती, गाडी वाळूत बंद पडली तर आणायला कोण येणार, हेल्मेट दरात धरलंय का, आणि मार्गदर्शक बरोबर मिळेल का. शेवटच्याचं उत्तर हो असेल तर पहिल्या दोन तासांसाठी तो घ्याच. सगळ्या खर्चात हेच पैसे सर्वांत नीट लागतात. गाडी ताब्यात घेताना चहूबाजूंनी व्हिडिओ काढून ठेवा.

झेंड्याच्या काठीशिवाय कोणी हलायचं नाही. लवचीक काठीचं टोक जमिनीपासून किमान ८ फूट उंच आणि टोकाजवळ किमान ६ बाय १२ इंचांचा लाल किंवा केशरी झेंडा, हा इथला नियम आहे. गाडी टेकडीआड असताना पलीकडच्याला पहिल्यांदा दिसतो तो हा झेंडा. रात्री त्याच काठीवर दिवे लागतात, पण पहिल्या खेपेला रात्री चालवायचंच नाही.

हवा: रस्त्यावरच्या दाबाने टायर वाळूत खणत बसतो. यूटीव्हीला साधारण १० ते १२ पीएसआय, स्वतःची फोर-बाय-फोर आत नेत असाल तर १५ च्या आसपास. टायर पसरतो आणि वाळूवर तरंगतो. प्रेशर गेज आणि १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर बरोबर असू द्या, परत जाताना हवा भरायची आहे.

काय न्यायचं

पिण्याचं पाणी तिथे नाही. माणशी दिवसाला किमान एक गॅलन, आणि त्यावर एक दिवसाचं जास्त. सगळं कॅम्पवर ठेवू नका, गाडीतही ठेवा. पेट्रोल ब्रॉली, एल सेंट्रो किंवा युमात पूर्ण भरा.

अंगावर: हेल्मेट, चष्म्यावर बसणारे गॉगल, नाकातोंडावर रुमाल, पूर्ण बाह्या, घोटा झाकणारे बूट, हातमोजे. कॉन्टॅक्ट लेन्स घालू नका. गाडीत: ओढायचा पट्टा, लहान फावडं, रुतलेल्या चाकाखाली घालायच्या दोन फळ्या, प्रथमोपचार पेटी, टॉर्च, वॉकीटॉकी. मोबाइलची रेंज टेकड्यांच्या आत बेभरवशाची आहे. काही नव्या फोनांत उपग्रहावरून मदत मागायची सोय असते, ती घरी असतानाच शिकून घ्या.

खाण्याचं थोडक्यात: उघड्यावर पोळ्या लाटायचा उत्साह नको, कणकेत वाळू जाते ती जातेच. दशम्या, मेथीचे ठेपले, शेंगदाण्याची चटणी, लाडू, थर्मासमधला चहा. काचेची बरणी नको, लोणचंही प्लास्टिकच्या डब्यात. वाळूत फुटलेली काच पुढच्या दहा हंगामांतल्या अनवाणी पोरांसाठी राहते.

वाळू वाचायला शिका

आता मुख्य गोष्ट. गाडी सुरू करण्याआधी एखाद्या लहान टेकडीवर पायी चढा. खरंच चढा, फार लोक हे टाळतात.

वारा इथे मुख्यतः पश्चिम-वायव्येकडून येतो. वाळूचे कण वाऱ्याच्या बाजूने हळूहळू वर सरकतात, म्हणून ती बाजू लांब, निवांत चढाची आणि पायाला घट्ट लागणारी. माथ्यावर पोचलेले कण पलीकडे घरंगळतात, म्हणून ती बाजू एकदम उभी आणि भुसभुशीत. मार्केट यार्डात पोतं रिकामं केल्यावर ज्वारीचा ढीग ज्या उताराला येऊन थांबतो, तसाच हा उतार, साधारण ३०-३४ अंशांचा. त्याहून जास्त तो उभा राहू शकत नाही, आणि त्यावर पाऊल टाकलं की वाळू वाहायला लागते.

याचा अर्थ काय, ते गाडीत बसल्यावर कळतं. पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना समोर सोपा चढ दिसतो, गाडी मजेत वर जाते, वेग वाढतो, आणि माथ्याची रेघ येते. त्या रेघेपलीकडे जमीन एकदम खाली गेलेली असते. कधी २० फूट, कधी इमारतीएवढी. खालून बघताना या दोन्हींत काही फरक दिसत नाही. वेगात गेलात तर गाडी हवेत जाते आणि नाकावर पडते. म्हणून नियम असा: माथ्यापलीकडे जमीन आहे हे डोळ्यांनी दिसेपर्यंत ती नाही असं धरायचं.

माथ्यापाशी करायचं एवढंच: चढताना वेग ठेवा, पण रेघेच्या थोडं खाली आल्यावर वेग कमी करत गाडी रेघेला समांतर वळवा. आता खिडकीतून पलीकडे दिसतं. उतार, माणसं, दुसरी गाडी, सगळं बघा. मोकळं असेल तर नाक सरळ उताराकडे करून हळू उतरा. मोकळं नसेल तर आलात तसे खाली जा. अनुभवी लोक हे इतक्या सहज करतात, की बघणाऱ्याला ते न थांबता उडाल्यासारखे वाटतात. ते थांबलेले नसतात, पण बघितलेलं असतं.

आणखी दोन सापळे आहेत. एक, तलवारीच्या धारेसारखा माथा, ज्याच्या दोन्ही बाजू उभ्या असतात. त्यावर गाडी मधोमध अडकते, पुढची दोन चाकं एका बाजूला अधांतरी, मागची दुसऱ्या बाजूला. दुसरा, वाऱ्याने कोरलेले वाटीसारखे खोल खड्डे. स्थानिक लोक त्यांना 'चेटकिणीचा डोळा' म्हणतात. सपाट वाटणाऱ्या भागात अचानक येतात, आणि तळाशी गेल्यावर वर यायला पुरेशी धाव मिळत नाही.

उजेडाचं गणित विसरू नका. भर दुपारी सूर्य डोक्यावर असला की सावल्या जातात आणि अख्खं वाळवंट एका रंगाचं दिसतं. चढ कुठे, खड्डा कुठे, कळत नाही. ढगाळ दिवशी तसंच. सकाळी आणि दुपारी तीननंतर सावल्या लांब असतात, प्रत्येक कडा उठून दिसते. चालवण्याचे तास तेच. दुपारी जेवा, झोपा, पत्ते खेळा.

आणि कालच्या मार्गावर भरवसा ठेवू नका. रात्री वारा झाला असेल तर चाकांच्या खुणा गेलेल्या असतात आणि कडाही थोडी सरकलेली असते. जीपीएसवर मार्ग तोच दिसतो, खालची वाळू ती नसते.

पहिला तास

सपाटीवर सुरुवात करा. वाळूत ब्रेक जोरात दाबला की चाकांपुढे वाळूचा बांध तयार होतो आणि गाडी रुतते. ॲक्सिलरेटर सोडलात तरी ती लवकर थांबते, तेवढं पुरतं. वळणं मोठी घ्या. थांबायचं असेल तर नाक उताराकडे करून थांबा, म्हणजे निघताना गाडी आपोआप सुटते.

मग लहान चढ. चढाला सरळ भिडायचं, तिरकं नाही. तिरकी गेलेली गाडी उलटते. अर्ध्यावर दम संपतोय असं वाटलं, तर थांबण्याआधीच, थोडा वेग हातात असताना, रुंद वळण घेऊन खाली या. थांबलातच तर रिव्हर्स टाकून सरळ रेषेत मागे या, स्टिअरिंग हलवू नका. उभ्या उतारावरून खाली येतानाही सरळ, अगदी हलका ॲक्सिलरेटर देत. भीती वाटते म्हणून ब्रेक दाबून तिरके झालात, की संपलं.

दोन-तीन गाड्या असतील तर पुढे एक जाणती, मागे एक जाणती, मध्ये नवखे. प्रत्येकाने आपल्या मागच्याचा झेंडा दिसतोय ना, हे बघत राहायचं. नाही दिसला की सगळ्यांनी थांबायचं, पण माथ्याच्या लगेच पलीकडे नव्हे. उभ्या उताराच्या पायथ्याशी थांबलेली गाडी म्हणजे वरून येणाऱ्यासाठी लपलेला दगड.

कॅम्प, माणसं किंवा जनावरं यांच्यापासून ५० फुटांच्या आत ताशी १५ मैलांची मर्यादा आहे. दंड होतो, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तंबूंमधून पोरं बाहेर पळत येतात.

रुतलात किंवा पडलात तर

रुतलात तर ॲक्सिलरेटर ताबडतोब सोडा. चाक फिरवत राहणं म्हणजे स्वतःची विहीर खणणं. उतरा, चाकांपुढची आणि गाडीच्या पोटाखालची वाळू काढा, फळ्या घाला, शक्य तो उताराच्या दिशेने बाहेर पडा. ओढायला दुसरी गाडी आली तर पट्ट्याच्या रेषेत कोणी उभं राहू नका, तुटला तर चाबकासारखा लागतो.

गाडी उलटत असेल तर हात बाहेर काढायचा नाही. ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे, म्हणून आधीच ठरवून ठेवा. हात स्टिअरिंगवर किंवा आतल्या दांड्यावर.

अपघात झाला की लोक जखमी माणसाकडे धावतात, स्वाभाविक आहे. पण सगळ्यात आधी एकाने जवळच्या माथ्यावर जाऊन झेंडा किंवा हेल्मेट हलवत उभं राहायचं, नाहीतर मागून येणारा त्याच जागी, त्याच माणसांवर उतरतो. मग ९११. जागेचे अक्षांश-रेखांश सांगा, 'मोठ्या टेकडीजवळ' म्हणून काही उपयोग नाही. रेंज नसेल तर माथ्यावर मिळण्याची शक्यता जास्त. काहुइया आणि बटरकपला रेंजर स्टेशन आहेत. मान किंवा पाठ दुखते म्हणणाऱ्याला हलवू नका, हेल्मेटही काढू नका.

मुलं आणि आजीआजोबा

कॅलिफोर्नियात १८ वर्षांखालच्या मुलाला एटीव्ही चालवायची असेल तर सुरक्षा प्रमाणपत्र लागतं, किंवा तसं प्रमाणपत्र असलेल्या मोठ्या माणसाची थेट देखरेख. १४ च्या खाली तर पालकाने किंवा पालकाने नेमलेल्या मोठ्या माणसाने बरोबर असावंच लागतं. यूटीव्ही चालवायला १६ पूर्ण हवीत, नाहीतर पालकाची किंवा पालकाने नेमलेल्या मोठ्या माणसाची थेट देखरेख. हेल्मेट आणि पट्टा सगळ्यांना. प्रवासी म्हणून बसणाऱ्या मुलाची पाठ आसनाला टेकायला हवी, पाय गाडीच्या तळाला पुरायला हवेत आणि हाताने दांडा धरता यायला हवा. मांडीवर बसवून 'एक चक्कर' हा प्रकार बंद. रडलं तरी बंद.

आजीआजोबांना ऑस्बोर्न ओव्हरलुकला न्या. हायवे ७८ वरून थोडंसं आत, साधी कार जाते. उंचावरून सूर्यास्त आणि खाली गाड्यांचे झेंडे, चहा, खुर्च्या. माझ्या मते वाहन न चालवणाऱ्यांसाठी अख्ख्या ग्लॅमिसमधली ही सर्वांत चांगली जागा आहे. थोडं पुढे जाऊन रस्त्याच्या उत्तरेला वाइल्डरनेसमध्ये पायी फेरी मारली, तर इंजिनांचा आवाज मागे राहतो आणि वाळूवर सरड्यांच्या नि भुंगेऱ्यांच्या पावलांची नक्षी दिसते.

रात्रीचा मुक्काम

आरक्षण नाही, आधी येईल त्याची जागा. २८ दिवसांत १४ दिवसांपर्यंत राहता येतं. काही ठिकाणी कोरडी शौचालयं आहेत, बाकी सोय शून्य. साधी कार असेल तर पक्क्या पॅडवरच थांबा. त्यापुढचा एक फूटसुद्धा वाळूच आहे. तंबूचे खुंटे वाळूत टिकत नाहीत. वाळू भरलेल्या पिशव्या दोरीला बांधून त्या फूटभर खोल पुरा.

शेकोटीला खिळे असलेली लाकडं किंवा पॅलेट वापरू नका. ती मनाई सकारण आहे, लाकूड जळतं आणि खिळे टायरांसाठी राहतात. निखाऱ्यांवर वाळू ढकलून झोपायला जाऊ नका. वरून गार दिसणारी वाळू खाली तासन्‌तास धगधगती असते, आणि सकाळी अनवाणी फिरणाऱ्या मुलांचे पाय त्यात जातात. पाणी ओतून, ढवळून, हात लावून बघून विझवा. कचरा सगळा परत न्यायचा, केळ्याच्या सालींसकट.

निघताना

टायरमध्ये हवा भरा. कमी हवेच्या टायरने हायवेवर ७० चा वेग घेतला तर टायर तापून फुटतो. चाकांचे नट तपासा, ट्रेलर असेल तर त्याचे दिवे. भाड्याची गाडी परत करताना पुन्हा व्हिडिओ.

इंटरस्टेट ८ ने परतत असाल आणि अर्धा तास हातात असेल तर ग्रेज वेल रोडला उतरा. तिथे जुन्या लाकडी रस्त्याचे अवशेष आहेत. १९१५ साली मोटारी वाळू पार करू शकाव्यात म्हणून इथे फळ्या अंथरल्या गेल्या, १९१६ मध्ये जोडलेल्या तुकड्यांचा दुसरा रस्ता झाला, आणि १९२६ मध्ये डांबरी रस्ता येईपर्यंत तो चालला. रुंदी एका गाडीपुरती. समोरून कोणी आलं की बाजूच्या रुंद जागेपर्यंत मागे कोणी जायचं यावर भांडणं व्हायची. वाऱ्याने वाळू आली की घोडे लावून तुकडे उचलून पुन्हा वर मांडायचे. उरलेल्या फळ्यांना संरक्षण आहे, आठवण म्हणून ढलपीही उचलू नका. मग पाइन व्हॅलीच्या नाक्याला पासपोर्ट हाताशी ठेवा, तो मागच्या सीटवर वाळूने भरलेल्या बॅगेच्या तळाशी नको.